अख्खी छावणी खुडूक!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर तुम्ही चंडीमंदिरात राहता तरी कशाला? अहो, १९८५ साली सिमल्याहून इथं येऊन बसलेल्या वेस्टर्न कमांडच्या मुख्यालयाच्या नाकासमोर, जिथं गवताची पातीसुद्धा हुकमाबरहुकूम वाढते, तिथं लोक अंडी उबवायला लागलेत. खायला नव्हे, उबवायला! आणि हे लोक कुणी परके नव्हेत, आपलेच. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, पुण्याचे, बेळगावचे. ज्यांच्या आज्यांनी जन्मभर परसातलं खुराडं झाडलं, ज्यांच्या आयांनी ‘सुटलो बाई एकदाचे त्या घाणीतून’ म्हणत फ्लॅटचं दार लावून घेतलं, त्यांच्याच लेकीसुना आता क्वार्टरच्या मागच्या अंगणात तुसाचं पोतं फोडून बसल्यात. शिव शिव शिव! कुठं फेडणार आहेत हे पाप?

बरं, अंड्यांचा दुष्काळ पडलाय म्हणावं, तर तेही नाही. आपलं चंडीमंदिर ज्या पंचकुला जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्यात बरवाला आणि रायपूर रानी आहेत. देशातल्या मोठ्या अंडी-पट्ट्यांपैकी हा एक. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे रोजचे भाव निघतात, त्यात नामक्कल आणि पुण्याच्या पंक्तीला बरवाल्याचं पान मांडलेलं असतं. ट्रेच्या थप्प्यांवर थप्प्या रचलेले ट्रक दारावरून जातात. २०२३-२४ चा सरकारी हिशोब म्हणतो, देशात वर्षाला माणशी १०३ अंडी निघतात. आणि एवढ्या अंड्यांच्या पुरात उभं राहून आमच्या वहिनी थर्मोकोलच्या खोक्यात डोळे लावून बसतात, का? तर ‘आपल्या’ अंड्यातून ‘आपलं’ पिल्लू बाहेर यावं म्हणून. याला काय म्हणायचं? समुद्राकाठी राहून परातीत मीठ पिकवणं म्हणायचं की आणखी काही?

काळाची थट्टा तरी बघा. १८८९ पासून चाललेल्या मिलिटरी फार्मना सैन्यानं मार्च २०२१ मध्ये कायमचं कुलूप घातलं. जनावरं पाळणं हे आता फौजेचं काम नव्हे, असं ठरलं. दावणीच्या गाई गेल्या. साहेबलोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि त्याच साहेबलोकांच्या घरी आता काय चाललंय? साहेब कचेरीतून येऊन बूट काढायच्या आधी विचारतात, ‘ह्युमिडिटी किती आहे?’ सीमेवरची नव्हे हो, खोक्यातली!

या रोगाची लागण नेहमी निरागसपणे होते. पोराचा शाळेतला प्रकल्प असतो. ‘जीवनचक्र’ वगैरे. मग फ्रिजच्या पॅकिंगमधला थर्मोकोलचा खोका निघतो, साठ वॉटचा पिवळा बल्ब निघतो, जुन्या संगणकातला पंखा निघतो. थर्मोस्टॅट ऑनलाइन मागवला जातो. कोपऱ्यात पाण्याची वाटी बसते. झालं, उबवणी यंत्र तयार! प्रकल्पाला ‘अ’ श्रेणी मिळते आणि पोरगं खोका विसरून क्रिकेट खेळायला जातं. खोक्यासमोर उरते आई. आणि तिथून पुढं ती आपल्याला मिळत नाही. भिशीला येत नाही, हळदीकुंकवाला आली तर घड्याळ बघते. मध्येच उठून ‘अगं, फिरवायची वेळ झाली’ म्हणून पळते. काय फिरवायचं? अंडी!

हो, फिरवावी लागतात. रोज तीन नाहीतर पाच वेळा. विषमच का? तर रात्रीचा लांबलचक पल्ला रोज एकाच कुशीवर जाऊ नये म्हणून. एका बाजूला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, म्हणजे कोण कुठल्या कुशीवर निजलंय ते कळतं. न फिरवलं तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. तपमान ३७.५ अंशांवर हवं. अर्धा अंश खाली आला तर पिल्लू उशिरा येणार, फार वर गेला तर येणारच नाही. नवऱ्याला ताप भरला तर ‘गोळी घे आणि पडून राहा’ म्हणणारी बाई अंड्यांसाठी रात्री दोनला उठून थर्मामीटर वाचते, हे आपण याचि डोळा पाहिलंय. वीज गेली तर? मग तर विचारूच नका. ब्लॅंकेटं निघतात, गरम पाण्याच्या बाटल्या निघतात, आणि जानेवारीच्या धुक्यात नवरा कुडकुडत जनरेटरवाल्याला फोन लावत असतो. त्याच्या अंगावरचं पांघरूण कुठं गेलं, हे त्यानं विचारायचं नसतं.

सातव्या दिवशी तर रात्रीचा सोहळा असतो. दिवे बंद. खोलीत मिट्ट काळोख. टॉर्चच्या तोंडावर अंडं धरायचं आणि आत बघायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं, मध्ये काळा ठिपका हलला की किंचाळायचं. नुसतंच पिवळं, स्वच्छ दिसलं की ते अंडं रिकामं, बाजूला काढायचं. शेजारपाजारच्या बायका बोलावल्या जातात. ‘बघ बघ, हृदय!’ असं म्हणत एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून त्या उभ्या असतात. सोनोग्राफीला आपण इतके गेलो नव्हतो हो कुणी! आणि त्या काळोखातून एखादा पुरुषी आवाज येतो, ‘मला बघू, मला बघू.’ कोण ते? तेच. मागच्या आठवड्यात ‘काय हा बायकांचा थिल्लरपणा’ म्हणत होते ते.

अठरा दिवस झाले की फिरवणं बंद. ओलावा वाढवायचा आणि झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही. याला ही मंडळी ‘लॉकडाउन’ म्हणतात. २०२० मध्ये सोसायटीच्या गेटाबाहेर दिवसातून चार वेळा डोकावणारी माणसं इथं मात्र लॉकडाउन काटेकोर पाळतात. आणि मग एकविसावा दिवस. आतून ‘चिंव’ ऐकू येतं. चोच लागते. कवचाला बारीक तडा जातो. आणि मग तास, तास, तास काहीच होत नाही. मदत करायची नाही, हा नियम. आत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, घाई केली तर रक्तस्राव होऊन मरतं. सगळ्यांना नियम पाठ. तरी प्रत्येकीची नखं शिवशिवतात. इकडं दुधाला उकळी येऊन ते वाहून जातं, कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही, मुलांच्या डब्यात बिस्किटं जातात. पिल्लू येतं ओलं, मरतुकडं, आपलंच डोकं न पेलणारं. आणि काही तासांत वाळून असा पिवळाधमक गोळा होतो की अख्ख्या लेनमध्ये मोबाइल फिरतो. पाचव्या दिवशी कुणी पाचवी पुजली नाही, एवढंच बाकी राहिलं. का, तेही झालं? कळवा बुवा, आपल्याला बोलावणं नव्हतं.

हसू आवरत नाही असा प्रसंग म्हणजे दुकानातली अंडी उबवणाऱ्यांचा. आहेत, असेही महाभाग आहेत! आणि ते अडाणी नव्हेत, चांगले पूल बांधणारे, रडार दुरुस्त करणारे अधिकारी आहेत. ट्रेमधली पांढरीशुभ्र अंडी आणली, मोठ्या शिस्तीत मांडली, तपमानाचा आलेख काढला, एकविसाव्या दिवशी कॅमेरा लावून बसले. काही नाही. तेविसाव्या दिवशी एक अंडं फुटलं, पण आवाज करून, आणि त्या वासानं चार क्वार्टरं रिकामी झाली. अहो, अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडा कधी पाहिलात का? कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं देते, पण त्यात जीव कुठून येणार? बरवाल्याच्या त्या सगळ्या ब्रह्मचारिणी! हे चौथी पास गुराख्याला ठाऊक असतं. पण गुराख्याला आलेख कुठं काढता येतो?

आता छावणीत सरळ दोन तट पडलेत. एक मशीनवाले, एक कोंबडीवाले. कोंबडीवाल्यांचे पुढारी साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदारसाहेब. ते म्हणतात, ‘अंडी उबवायला देवानं जे यंत्र दिलंय त्याला बल्ब लागत नाही.’ त्यांच्या अंगणात कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून गुरगुरायला लागली, जवळ जाईल त्याला टोचायला लागली, की साहेब खूश. पाटीत राख, वर पेंढा, दहा-बारा अंडी मांडून तिला रवणाला बसवायची. ती आपली आपण अंडी फिरवते, आपली आपण ऊब सांभाळते, दिवसातून एकदा दाणापाणी आणि शीट करायला उठते. पाटीत कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा ठेवायचा, म्हणजे विजेच्या कडकडाटानं अंडी नासत नाहीत, ही त्यांच्या गावाकडची समजूत. मशीनवाले यावर फिदीफिदी हसतात. आणि मग वादळी रात्री स्वतःच्या इन्क्युबेटरवर हळूच एक खिळा ठेवतात. आपण पाहिलाय. खोटं कशाला बोला?

पण सर्वांत मोठं पतन कुणाचं म्हणाल, तर सदाशिव पेठेतून आलेल्या त्या काकूंचं. जन्मात अंड्याला शिवल्या नव्हत्या. केकवालासुद्धा बदलला होता. श्रावणात तर ‘अंडं’ हा शब्दही घरात चालत नसे. आणि आता? आता त्या संकष्टीच्या दिवशी सोवळं नेसून पिलांना गुळाचं पाणी पाजतात. ‘खायचं नाही हो आपल्याला, नुसतं वाढवायचंय,’ असं वर सांगतात. कोंबडी अंडं घालते त्याचं काय करता, विचारलं तर म्हणतात, ‘सैनिकांना देते.’ हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, त्यावरून त्यांच्या भुर्जीची वेळ कुठली, हे आपल्याला कळून चुकतं. शेजाऱ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असणं म्हणतात ते हेच.

पिलांच्या लसीकरणाचं वेळापत्रक बघाल तर पोरांच्या डोसांच्या कार्डाला लाजवेल. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा थेंब, पुढच्या आठवड्यात गंबोरो. लासोटा कशासाठी? मानमोडीसाठी. त्याच रोगाला राणीखेत म्हणतात. आता राणीखेत म्हणजे कुमाऊं रेजिमेंटचं केंद्र. रोगाला नाव मिळालं तेही छावणीचंच! मग छावणीतल्या कोंबड्यांनी त्याच्याशी लढायला नको? लसीची बाटली बर्फात आणायची, तासाभरात संपवायची, एका बाटलीत डोस शेकड्यानं आणि घरात पिलं सात. मग दारोदार हाक जाते, ‘आज आमच्याकडे लासोटा आहे, घेऊन या!’ काखेत कोंबड्या मारून बायका निघतात. घोडे आणि कुत्रे तपासण्यात हयात घालवलेले सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाचे, म्हणजे आरव्हीसीचे, डॉक्टर संध्याकाळी फिरायला निघाले की रस्ता बदलतात म्हणे. का बदलणार नाहीत? ‘सर, आमच्या शालूनं आज दाणा कमी खाल्ला’ हे ऐकायला का ते शिकले?

थंडीत तर हद्दच. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यातून सोडवलेल्या पिसं झडलेल्या कोंबड्यांसाठी बायकांनी स्वेटर विणल्याचं कुणीतरी वाचलं. झालं! लोकर आली, सुया आल्या. कोंबडीला बिनबाह्यांचं स्वेटर, रंग बटालियनचा. अमेरिकेत तर कोंबडीला घरात फिरवायला डायपर मिळतो. इकडं त्याचा नमुना कापडाचा शिवून झालाय, असं आपल्या कानावर आहे. कुणी शिवला ते विचारू नका. त्यांची मशीन आपल्याकडे गौरीच्या साड्यांच्या पिकोला यायचीय.

आता जरा हिशोबाला बसू. ‘घरचं अंडं स्वस्त पडतं’ असं जो म्हणेल त्याला कागद-पेन्सिल द्या. खुराड्याची जाळी, पत्रा, सुताराची मजुरी. स्टार्टर खाद्य, ग्रोअर खाद्य, लेअर खाद्य. शिंपल्याचा चुरा, कॅल्शियमची बाटली. इन्क्युबेटर फसला म्हणून दुसरा, चांगला. तो जळू नये म्हणून इन्व्हर्टर. रात्री मुंगूस येऊन दोन पिलं घेऊन गेलं म्हणून पक्का तळ. आणि एवढं करून देशी कोंबडी वर्षाला अंडी देणार साठ-सत्तर, तीही खुडूक झाली नाही तर, पिसं झाडायला बसली नाही तर, दिवस लहान झाले म्हणून संपावर गेली नाही तर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात तो इथं बारा हजारांवर गेलाय. मग सकाळी ते एक अंडं हातात येतं तेव्हा नवरे विचारतात, ‘हे कितीला पडलं?’ असले प्रश्न विचारणाऱ्याला पोळा अर्धाच मिळतो.

मग पुढचा टप्पा जातींचा. साधी देशी कोंबडी कोण पाळतो हो? सुरुवात हैदराबादच्या वनराजनं आणि बंगळूरच्या गिरिराजनं होते. चंडीगडच्या औद्योगिक वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे, तिथून सरकारी पिलं येतात. मग कुणाकडे तरी कडकनाथ उतरतो. काळी पिसं, काळी चोच, काळा तुरा, मांससुद्धा काळं. २०१८ मध्ये झाबुआला त्याचं भौगोलिक मानांकन मिळालं. धोनीनं आपल्या रांचीच्या शेतासाठी झाबुआहून दोन हजार पिलं मागवली, अशी बातमी आल्यापासून तर ज्याच्या घरी कडकनाथ नाही त्याला क्लबात कुणी पुसेना. या काळ्या पक्ष्याच्या नादानं २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूरकडच्या शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले, हे मात्र क्लबात कुणी काढत नाही. हौसेनं सात पाळणारा सुटला, कर्ज काढून सातशे पाळणारा मेला. वेडातसुद्धा असा फरक असतो बरं का.

कडकनाथ झाला की सिल्की, सिल्की झाली की ब्रह्मा. पायाला पिसं, अंगानं एवढा धिप्पाड की शेजारचा पामेरियन कुंपणापलीकडूनच सलाम करतो. आणि हे नाव आलं कुठून? ब्रह्मपुत्रेवरून! तिकडं अमेरिकेत. हसू नका, जग आपल्या आधी वेडं झालेलं आहे. १८४० च्या दशकात राणी व्हिक्टोरियाकडे चीनकडच्या कोचीन कोंबड्या आल्या आणि इंग्लंड-अमेरिकेला जे कोंबडी-वेड लागलं, त्याला ‘कोंबडीचा ताप’ असंच नाव पडलं. १८४९ मध्ये बोस्टनला पहिलं कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, तिथं हजारोंनी लोक लोटले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या पाताळयंत्री व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये आपले धिप्पाड पक्षी थेट राणीला नजर केले, त्याची वर्तमानपत्रांत दवंडी पिटली आणि मग वाट्टेल त्या किमतीला पिलं विकली. तीन वर्षांनी ताप उतरला तेव्हा त्याच गृहस्थानं त्या वेडाची टर उडवणारं पुस्तक लिहिलं आणि तेही विकलं! आपल्याकडचे ‘शुद्ध जातीची पिलं, फक्त फोनवर बुकिंग’वाले याच घराण्यातले. फक्त पुस्तक लिहायचं राहिलंय.

आणि आजची अमेरिका? २०२५ च्या मार्चमध्ये तिथं डझनाला सहा डॉलरच्या वर भाव गेला, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या आपल्या भाच्या-पुतण्यांनीही परसात खुराडी मांडली. तिथं तर सहा महिन्यांसाठी खुराड्यासकट दोन कोंबड्या भाड्यानंही मिळतात. व्हिडिओ कॉलवर आता आजीची तब्येत विचारायच्या आधी कोंबडी दाखवली जाते. आजी गावच्या घरातून म्हणते, ‘अगं, याचसाठी तुला शिकवलं होतं का?’ आणि लगेच पुढं, ‘तिचा तुरा फिका पडलाय, जंताचं औषध दे.’

आता खरी पंचाईत सांगू? कोंबड्यांची. अंड्यातून निघणारी निम्मी पिलं नर असतात, हे निसर्गाचं गणित. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे सर्वांत जास्त कोंबडे असतात. तीन महिन्यांनी ‘राणी’ नावाचं पिल्लू एका पहाटे मान ताणून बांग देतं, तेव्हा घरात जो सन्नाटा पसरतो तो वर्णावा कुणी? आणि बांग तरी किती वाजता? बिगुल वाजतो सकाळी, हे सुरू होतात साडेतीनला. एकानं सुरुवात केली की लेनभर उत्तरं. नावं तर अशी ठेवलेली की हाक मारायची चोरी. कोंबड्याला ‘कर्नल’ म्हणायचं आणि शेजारी खरे कर्नल राहतात! ‘कर्नल, खाली उतर त्या टाकीवरून!’ हे त्यांनी ऐकलं, त्या दिवशी तक्रार होणार हे ठरलेलंच होतं. आले तणतणत. अर्ध्या तासानं परत निघाले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशातून ‘चिंव’ ऐकू आलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब!

जास्तीच्या कोंबड्यांचं पुढं काय होतं? हा प्रश्न सभ्य घरात विचारत नाहीत. एवढंच सांगतो, की कोल्हापूरच्या वहिनींकडे एका रविवारी तांबडा-पांढरा होता. सगळे जेवले, बोटं चाटली, दुसऱ्यांदा रस्सा मागितला. ‘बाजीराव दिसला नाही आज अंगणात’ असं एक लहान पोर म्हणालं, तेव्हा अठरा माणसं एकदम भाकरीकडे बघायला लागली. पुन्हा कुणी नाव ठेवणार नाही, अशी त्या दिवशी शपथ झाली. नव्या पिलांची बारशी पुढच्या आठवड्यात.

थट्टा पुरे, एक गोष्ट मात्र मान खाली घालून कबूल करावी लागते. या भागानं कोंबड्यांचं मरण जवळून पाहिलंय. डिसेंबर २०१४ मध्ये सुखना तलावावरचे हंस बर्ड फ्लूमुळे मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये बरवाल्याच्या पट्ट्यात बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, दीड लाखाहून जास्त पक्षी नष्ट करायचा हुकूम निघाला. आपल्या महाराष्ट्रालाही हे नवं नाही. देशात कोंबड्यांत हा रोग पहिल्यांदा सापडला तो नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. रात्रीत शेडं रिकामी झालेली माणसं तिथं अजून आहेत. तेव्हा आपल्या शालू-मैनांचा कितीही पुळका असला तरी रानपक्षी आणि घरच्या कोंबड्या एका पाण्यावर येऊ द्यायच्या नाहीत, खुराड्यातून आलं की साबणानं हात धुवायचे, आणि एकदम दोन-तीन पक्षी मेले तर ‘उष्माघात असेल’ म्हणून खड्ड्यात पुरून मोकळं व्हायचं नाही, पशुवैद्यकाला कळवायचं. पिलांचे मुके घेणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. हो, तुम्हीसुद्धा. आम्हाला माहीत आहे.

आणि बदलीचं काय? दोन-तीन वर्षांत पोस्टिंग येतं. काळ्या ट्रंका भरतात, सोफ्याला गोणपाट शिवतात, पण कोंबड्या? जैसलमेरला नेणार की तवांगला? मग घराच्या चाव्यांबरोबर नव्या कुटुंबाला कोंबड्यांचाही ताबा दिला जातो. ‘गीझर डावीकडचा चालतो, मागच्या नळाला थेंब आहे, आणि ही ठकू, हिला रोज दुपारी काकडी लागते.’ नवी बाई नाक मुरडते. ‘आम्ही नाही हो असलं काही पाळत,’ म्हणते. पंधरा दिवसांनी तिचाच फोन येतो, ‘ठकू खुडूक झालीय, खाली किती अंडी ठेवू?’ लागलं! अजून एक घर गेलं!

गंमत अशी, की वर मोरनीच्या टेकड्यांत, शिवालिकच्या झाडीत, जगातल्या यच्चयावत कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा अजून मोकळा फिरतो. त्याची मादी बांबूच्या बेटात पाचोळ्यावर अंडी घालते, बसते, पिलं काढते. थर्मोस्टॅट नाही, इन्व्हर्टर नाही, लासोटा नाही. आणि त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी आपण पदवीधर माणसं तिच्या कामाची नक्कल करताना घामाघूम झालोय. तरी तिचं काम आपल्याला धड जमत नाही, हा तर चिडवण्याचा खरा मुद्दा! हुकूम देऊन पलटण हलते, अंडं हलत नाही. ते आपल्या एकविसाव्या दिवशीच फुटणार. ज्या घरांत बदली कधी येईल, रजा कधी मिळेल, कशाचीच तारीख पक्की नसते, तिथं एवढी एकच तारीख खात्रीची निघाली, तर माणसं वेडी नाही होणार?

तेव्हा आमचा निकाल ऐका. हे वेड खर्चीक आहे, गबाळं आहे, पहाटे साडेतीनला उठवणारं आहे, आणि आपल्यासारख्या समंजस, सुशिक्षित, बरवाल्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना अजिबात शोभणारं नाही. त्याचा जाहीर निषेध. निषेधाच्या सभेला सगळ्यांनी यावं, फक्त सहाच्या आत संपवू, कारण संध्याकाळची अंडी फिरवायची असतात. आणि हो, येत्या आठवड्यात कुणी चंडीगडला औद्योगिक वसाहतीकडे जाणार असेल तर कळवा. दहा पिलं हवीत. शेजारच्या वहिनींना.